पिल्लांचा आवाज बदलला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी कोंबड्यांच्या आवाजाबद्दल बोलणार आहे. कदाचित हसू येईल. कोंबड्याने बांग दिली की उजाडते, यापलीकडे या विषयात सांगण्यासारखे काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो.

मी पशुवैद्यक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या एका गावी माझे नेहमी जाणे असे. तिथल्या एका शेतकऱ्याने, त्यांना आपण अण्णा म्हणू, कर्ज काढून पोल्ट्रीचे पहिले शेड बांधले. पहिलीच बॅच, तीन हजार पिल्ले, वय एक दिवस. महिना जानेवारीचा. एवढ्याशा पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. पहिला आठवडा-दीड आठवडा त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. घरची कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते. शेडमध्ये आई नसते, म्हणून तिच्या जागी ब्रूडर लावायचा आणि पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश तापमान ठेवायचे. अण्णांनी सगळे पुस्तकाप्रमाणे केले होते. रात्री शेडमध्येच खाट टाकली. पण दोन दिवसांची दगदग झालेली, त्यांना गाढ झोप लागली.

घर शेजारीच होते. अण्णांच्या आई, गाव त्यांना आक्का म्हणे, रात्री दोनच्या सुमारास उठून शेडमध्ये आल्या आणि मुलाला हलवू लागल्या.

"ऊठ. पिल्लं रडत्यात."

"अगं आई, पिल्लं हायती. चिवचिव करणारच."

"चिवचिव न्हवं ही. रडत्यात."

बॅटरी मारून पाहिले, तर एका टोकाच्या ब्रूडरचा गॅस संपला होता. पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून बसली होती. तळाची गुदमरून मेली होती. सत्तर-ऐंशी पिल्ले गेली. आणखी तासभर कुणी उठले नसते तर त्या टोकाची सगळीच गेली असती, आणि अण्णांचा धंदा पहिल्या बॅचलाच बसला असता. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "आक्का, तुम्हांला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आवाज बदलला की." काय बदलले ते त्यांना सांगता येईना. आणि खरे सांगतो, मलाही सांगता आले नसते. आमच्या अभ्यासक्रमात कोंबडीची आतडी होती, यकृत होते, पायाची हाडे होती. तिचा आवाज नव्हता.

आक्कांना जे ऐकू आले ते यंत्राला ऐकू येईल का, या प्रश्नावर गेली काही वर्षे जगात बरेच काम झाले आहे. आजचा विषय तोच.

पण त्याआधी कोंबडी बोलते तरी काय? निकोलस कोलियस आणि मार्टिन जूस या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५३ साली कोंबड्यांच्या आवाजांची यंत्रावर चित्रे काढली. आवाज कागदावर उमटवणारे ते यंत्र तेव्हा नवे होते. पुढे १९८७ साली कोलियस यांनी रानकोंबड्यांचे सुमारे चोवीस वेगवेगळे आवाज नोंदवले. हे रानकोंबडे म्हणजे आपल्या पाळीव कोंबडीचे पूर्वज. दाणा सापडला की कोंबडा टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो, तो एक. पिल्लांना जवळ बोलावणारा आईचा घोगरा आवाज हा दुसरा. खुडूक कोंबडीच्या जवळ हात नेला की ती अंग फुगवून जो कर्कश आवाज काढते तो तर खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो.

मला यातला सर्वांत नवलाचा वाटतो तो धोक्याचा इशारा. तो एक नाही, दोन आहेत. आकाशात घार दिसली तर एक, जमिनीवरून कुत्रे किंवा मांजर आले तर दुसरा. ख्रिस इव्हान्स आणि पीटर मार्लर यांच्या गटाने १९९३ साली हे दोन्ही इशारे नुसते ध्वनिवर्धकातून ऐकवून पाहिले. आसपास घार नाही, मांजर नाही. तरी पहिला आवाज ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या आणि दबून बसल्या. दुसरा ऐकून माना ताठ करून आजूबाजूला पाहू लागल्या. म्हणजे ऐकणाऱ्या कोंबडीला नुसती भीती कळत नाही, भीती कोणत्या बाजूची तेही कळते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आणखी एक आवाज शोधला. समोर दाणा दिसतो आहे पण मिळत नाही, अशा वेळी कोंबडी लांबलेला, कण्हल्यासारखा सूर काढते. बसथांब्यावर तासभर उभे राहिल्यावर आपल्या तोंडून निघतो ना, तसाच.

आता पिल्लांकडे वळू. एकटे पडले, थंडी वाजली, भूक लागली की पिल्लू मोठ्याने, एकसारखे, वरच्या पट्टीत ओरडते. प्रत्येक चीत्कार वरून खाली उतरत जातो. निसर्गात या हाकेला आई धावून येते. शेडमध्ये मात्र हजारो पिल्ले हाक मारतात, आणि ज्याने धावून यायचे तो माणूस एकच असतो. शिवाय तो माणूस असतो दुसऱ्या टोकाला, किंवा झोपलेला.

(येथे दोन ध्वनिमुद्रणे ऐकवण्यात आली : एक समाधानी पिल्लांचे, दुसरे ऊब तुटलेल्या पिल्लांचे.)

दोन्हींतला फरक तुमच्या कानांनी टिपलाच असेल. माणसाचा कान यात फार कच्चा नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९४ माणसांना कोंबड्यांचे आवाज ऐकवले. काही आवाज खाऊ मिळणार म्हणून हरखलेल्या कोंबड्यांचे, काही खाऊ न मिळाल्याने वैतागलेल्या कोंबड्यांचे. २०२४ साली त्यांनी निष्कर्ष छापले. त्यानुसार ६९ टक्के लोकांना कोणता आवाज कोणता ते बरोबर ओळखता आले. तेव्हा कानाची अडचण नाही. अडचण ही, की तो कान चोवीस तास शेडमध्ये नसतो.

यंत्राने हे कसे करायचे? तुम्हाला वाटेल, एकेक चीत्कार मोजावा. पण पंचवीस हजार पिल्लांच्या कलकलाटात एकेक चीत्कार वेगळा काढणे सोपे नाही. ब्रिटनमधल्या कॅथरीन हरबॉर्न, लुसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधी आणि मला फार आवडलेली युक्ती केली. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतो तेव्हा कसा आवाज येतो? त्यात सगळ्या पट्ट्या एकदम असतात. जाड, बारीक, सगळे मिसळलेले. त्याच पावसात कुणी शिट्टी वाजवली तर? एका ठरावीक पट्टीत जोर एकवटतो. शेडमधले पंखे, पिल्लांच्या पायांखालचे तूस, खाद्याच्या भांड्यांची खडखड, हे सगळे पावसासारखे. व्याकुळ पिल्लाची हाक शिट्टीसारखी. तेव्हा एकेक हाक मोजायची गरजच नाही. संपूर्ण शेडचा आवाज घ्यायचा आणि तो किती विखुरलेला आहे एवढेच गणिताने काढायचे. विखुरलेपणा कमी झाला की समजायचे, शिट्ट्या वाढल्या.

प्रत्येकी सुमारे पंचवीस हजार कोंबड्यांच्या बारा कळपांवर त्यांनी हे पाहिले आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या कळपातली पिल्ले पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त ओरडली, त्या कळपात पुढे मरतूक जास्त निघाली आणि वजनही कमी भरले. पिल्ले शेडमध्ये आल्यावर पहिल्या चार दिवसांत झालेली आबाळ थेट विक्रीच्या दिवसापर्यंत पुरते. आमच्याकडचे जुने पोल्ट्रीवाले म्हणतातच, पहिला आठवडा जिंकला की बॅच जिंकली. ते अनुभवाने सांगत होते, आता आवाजाने त्याचा पुरावा दिला.

या संशोधकांपैकी ॲलन मॅकएलिगॉट पुढे हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीत गेले. तिथे त्यांच्या गटाने संगणकालाच ऐकायला शिकवले. चीनमधल्या पोल्ट्री शेडमध्ये ध्वनिमुद्रण केले. मग माणसांनी बसून त्यातले तीन हजारांहून अधिक व्याकुळतेचे आवाज आणि सुमारे दोन हजार शेडमधले इतर आवाज निवडून, त्यांना नावे देऊन संगणकापुढे ठेवले. लहान मुलाला आपण हा काऊ, ही चिऊ असे पुन्हा पुन्हा दाखवतो, तसाच हा प्रकार. २०२२ साली त्यांनी जाहीर केले की संगणक शंभरापैकी नव्वदाहून जास्त वेळा बरोबर ओळखतो. प्रत्येक आवाज बसून ऐकून त्यावर नाव लिहिणाऱ्या माणसांचा मात्र अशा बातम्यांत कुणी उल्लेख करत नाही. तंत्रज्ञान म्हणजे पुष्कळदा कुणीतरी केलेली कंटाळवाणी मेहनतच असते.

हाक हा झाला एक भाग. आजार हा दुसरा. कोंबडीला श्वसनाचा रोग झाला की श्वासनलिकेत चिकट द्रव साठतो आणि श्वासाबरोबर घरघर ऐकू येते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या दोन विद्यापीठांनी मिळून यावर काम केले. तिथे कोंबड्यांचा धंदा प्रचंड मोठा आहे. कोंबड्यांना मुद्दाम संसर्गजन्य ब्राँकायटिसची लागण करून त्यांचे आवाज टिपले आणि त्यातली घरघर संगणकाला ओळखता येते हे २०१४ साली दाखवले. उष्णता वाढली, अमोनिया वाढला की कोंबड्यांच्या आवाजात काय फरक पडतो, तेही त्यांनी तपासले. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात डॅनियल बर्कमन्स यांच्या गटाने आधी डुकरांचा खोकला ओळखणारे यंत्र केले, नंतर ते कोंबड्यांच्या शिंकांकडे वळले. त्यांचा आणखी एक प्रयोग गमतीचा आहे. खाद्याच्या भांड्याला माइक लावला आणि चोचीची टकटक मोजली. टकटकीवरून कोंबडीने किती खाल्ले याचा अंदाज बऱ्यापैकी जमला. आजारी कोंबडी आधी खाणे कमी करते, मग बाकीची लक्षणे दिसतात. म्हणजे टकटक कमी झाली की दार ठोठावायला हरकत नाही.

इटलीतल्या मिलान विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की कोंबडी जसजशी वाढते तसतशी तिच्या आवाजाची पट्टी खाली येते. आपल्याकडे मुलाचा आवाज फुटतो तसेच म्हणा. वय कळले आणि आवाज अपेक्षेपेक्षा बारीकच राहिला, तर वाढ मागे पडली आहे.

हे सगळे ऐकून वाटेल की आता माइक टांगला की काम झाले. तसे नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, दुःखात प्रत्येक वेळी ओरड होतेच असे नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात पारा चढतो तेव्हा ब्रॉयलर कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. कोंबडीला घाम येत नाही. धाप हाच तिचा घाम. धापा टाकणारी कोंबडी ओरडणार कशी? अशा दुपारी शेडमध्ये जी शांतता असते ती मी ऐकली आहे, आणि तिच्यासारखी भयंकर शांतता दुसरी नाही. मानमोडीची म्हणजे राणीखेतची कोंबडीसुद्धा शेवटी गप्पच बसते. तेव्हा यंत्राला आरड्याइतकेच गप्पपणाही ओळखायला शिकवावे लागेल. या वेळी एरवी किती गलका असतो आणि आज किती आहे, याची रोजची नोंद ठेवली तरच ते जमेल.

दुसरी अडचण आपल्या शेडची. युरोपातले शेड चारी बाजूंनी बंद असते. आपले पुष्कळसे शेड दोन्ही बाजूंनी जाळीचे, त्यावर पडदे. बाहेर ट्रॅक्टर जातो, कावळे ओरडतात, शेजारच्या देवळात भजन चालते. पाऊस आला की पत्रा वाजतो. हाँगकाँगमध्ये शिकलेला संगणक आपल्याकडे आला तर आधी भांबावेल. त्याला आपल्या शेडचे, आपल्या जातीच्या पक्ष्यांचे आवाज ऐकवून पुन्हा शिकवावे लागेल. शिवाय धूळ, अमोनिया, बॅच गेल्यावर होणारी धुलाई आणि जंतुनाशकाची फवारणी. माइक हे किती दिवस सोसणार? आणि वीज गेली तर? ब्रूडर बंद पडतो तो पुष्कळदा वीज जाते तेव्हाच.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. आज आपल्याकडचे बरेच ब्रॉयलरपालक कंपन्यांशी करार करून काम करतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. माइकही कंपनीनेच टांगला, तर त्यातून निघणारी माहिती कुणाची? पिल्ले रडली तेव्हा तू कुठे होतास, असे शेतकऱ्याला विचारण्यापुरता तो वापरला गेला, तर शेतकरी पहिल्याच आठवड्यात त्यावर पोते टाकील, आणि मी त्याला दोष देणार नाही. माइक कोंबड्यांबरोबर माणसांचे बोलणेही ऐकतो, हेही विसरून चालणार नाही. वर सांगितलेला विखुरलेपणाचा आकडा इथे उपयोगी पडतो. नुसता आकडा साठवला आणि मूळ ध्वनिमुद्रण ठेवलेच नाही, तर शेडमध्ये कोण काय बोलले ते कुणालाच कळणार नाही.

आणि खरा प्रश्न कोंबडीचा. शेडमध्ये दाटी जास्त, हवा कोंडलेली, वाढ इतकी झपाट्याची की पायांना शरीर पेलवत नाही, अशा स्थितीत कोंबडी ओरडते आहे हे यंत्र सांगेल. दाटी कमी करायची की नाही हे यंत्र ठरवत नाही. मला भीती वाटते ती ही, की यंत्राच्या भरवशावर एका माणसाकडे दहाऐवजी चाळीस हजार पक्षी सोपवले जातील. मग इशारा वाजेल आणि धावून जायला कुणी नसेल. युरोपीय संघाने २००७ साली मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांसाठी नियम केले. जागा किती, आणि जास्त दाटीने ठेवायच्या तर कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर अमोनिया दहा लाख भागांत वीस भागांच्या आत, हे त्यात लिहिले आहे. 'डोक्याच्या उंचीवर' हे शब्द महत्त्वाचे. आपण उभे राहून हवा हुंगतो. कोंबडी वीतभर उंचीवर, तुसाच्या जवळ श्वास घेते. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ साली अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्या कशा ठेवाव्यात यावर अहवाल दिला. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या कोंबड्या-बदकांचा आकडा ८५ कोटींवर गेला. इतक्या जिवांच्या ऐकण्या-बोलण्याचा विचार करायला तेवढे कारण पुरे आहे, असे मला वाटते.

तोवर काय करायचे, असे शेतकरी मला विचारतात. एक जुनी गोष्ट सांगतो, तिला पैसे पडत नाहीत. नोकरीत असताना माझ्या एका वरिष्ठांनी ती मला शिकवली. रात्री कोंबड्या बसल्या की शेडमध्ये जायचे. दिवे मालवायचे. पंखे असतील तर पाच-दहा मिनिटे बंद करायचे. भिंतीला पाठ लावून, न हलता उभे राहायचे. पहिली दोन मिनिटे काहीच कळत नाही, तुमच्या येण्याने पक्षी चाळवलेले असतात. मग सगळे निवते. आणि त्या अंधारात एखादी शिंक येते, एखादी घरघर येते. दिवसाच्या गलक्यात ती कधीच ऐकू आली नसती. कोणत्या बाजूने आली ते लक्षात ठेवायचे आणि वहीत लिहायचे. दुसऱ्या रात्री पुन्हा. एकाच्या चार झाल्या की डॉक्टरला फोन करायचा. मरतूक सुरू होण्याची वाट पाहायची नाही.

आक्का जाऊन आता बरीच वर्षे झाली. अण्णांचा मुलगा शेड पाहतो, पक्षी दहा हजारांवर गेले आहेत. गेल्या थंडीत रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "डॉक्टर, पश्चिमेच्या बाजूला शिंका ऐकू येतायत. काल दोन होत्या, आज सात-आठ. औषध कोणतं देऊ?" मी म्हटले, "औषधाचं नंतर बघू. पडदे किती वर घेतले आहेस?" तो म्हणाला, "पूर्ण बंद. थंडी आहे ना." मी म्हटले, "गुडघ्यावर बस आणि श्वास घे." थोडा वेळ फोनवर काही आले नाही. मग खोकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पडद्याची दोरी ओढल्याची करकर.